नवीन बाईकचं रनिंग-इन आणि पहिलं ऑइल: कुठल्या टप्प्याला काय करायचं

रनिंग-इन म्हणजे नवीन इंजिनचे भाग एकमेकांवर नीट बसेपर्यंतचे पहिले काही शे किमी. नवीन गाडी घेतली की शोरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "साहेब, पहिल्या सर्व्हिसपर्यंत चाळीसच्या वर नेऊ नका." लोक ते इतकं मनापासून पाळतात की टॉप गियर टाकून ३५-४० वर गाडी नुसती ढकलत नेतात, चढ असो की नाशिकच्या द्वारका सर्कलचा ट्रॅफिक, आणि मग दोन-तीन हजार किमीला विचारतात की गाडी ओढत का नाही, ऑइल का खाते. दुसरी मंडळी याच्या बरोबर उलट, पहिल्याच रविवारी डबलसीट सापुतारा. नुकसान दोन्हीत आहे, आणि पहिलं ऑइल कधी काढायचं याचं तर प्रत्येकाचं वेगळंच गणित असतं. म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. हे पेट्रोलच्या, गियरवाल्या, फोर-स्ट्रोक गाड्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. रनिंग-इनमध्ये स्पीड कमी ठेवणं हे अर्धंच काम, बाकीचं अर्धं म्हणजे इंजिनवरचा लोड सतत बदलता ठेवणं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कंपनीत होनिंग करून, म्हणजे दगडाने घासून, मुद्दाम फुल्यांसारख्या बारीक तिरक्या रेघा पाडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा त्यावर थोड्या थोड्या घासून भिंतीला घट्ट बसतात. आता रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः पेट्रोल जळताना तयार होणाऱ्या गॅसच्या दाबाने. रेस दिलीच नाही तर तो दाब कमी, रिंग ऑइलवर नुसती तरंगते, आणि भिंतीवरचं ऑइल भाजून काचेसारखा गुळगुळीत थर तयार होतो. तो एकदा झाला की रिंगा नीट बसणं अवघड, मग इंजिन उघडून पुन्हा होनिंग करायची वेळ येते. आणि गार इंजिनला फुल रेस दिली तर पिस्टन-रिंगांना ओरखडे पडतात. या दोन टोकांच्या मधे राहायचं, एवढंच.

टप्पा १: डिलिव्हरीच्या दिवशी, शोरूममधून निघायच्या आधी

मॅन्युअल मागून घ्या आणि तिथेच रनिंग-इनचं पान उघडा. तुमच्या गाडीला किती किमीपर्यंत किती आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) किंवा कुठल्या गियरला किती स्पीड, ते तिथे दिलेलं असतं. त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. या लेखातला आकडा आणि मॅन्युअलमधला आकडा वेगळा निघाला तर मॅन्युअलचा खरा, त्यात वाद नको.

मग ऑइल लेव्हल. गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन दोन-तीन मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, अजून दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि मग बघायचं. ऑइल बघायला इंजिनवर काचेची खिडकी असेल तर गाडी सरळ उभी पाहिजे, साइड स्टँडवर तिरकी ठेवून बघितलं तर लेव्हल हमखास चुकीची दिसते. डिपस्टिक (लेव्हल बघायची खुणांची पट्टी) असेल तर ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये एका ओळीत असतं. ही ओळ न वाचता लोक ऑइल कमी आहे समजून वरून ओततात, आणि जास्त ऑइलसुद्धा वाईटच, ते एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि इंजिन जड चालतं.

लिक्विड कूल्ड असेल तर कूलंटची बाटली बघा. चेन किती ढिली आहे ते बघा. टायरमधली हवा मोजून घ्या, कारण ट्रकमधून येताना हवा बऱ्याचदा जास्त भरलेली असते आणि घाईत कमी करायची राहून जाते.

दसऱ्याला, पाडव्याला डिलिव्हरी घेत असाल तर अजून एक. झेंडूचा हार हँडलला बांधा, पूजा होऊ द्या, पण घरी निघताना तो रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या फिन्सच्या (गार ठेवणाऱ्या पात्यांच्या) पुढे लोंबत राहणार नाही एवढं बघा. फुलं अडकली की हवा अडते, सुटा दोरा चेनमध्ये जातो ते वेगळंच.

सावधान: पूजेसाठी लगेच सप्तशृंगी गडावर जायची आपल्याकडे पद्धत आहे. देवीला जरूर जा, पण त्याच दिवशी डबलसीट, सामान घेऊन नांदुरीचा घाट चढवू नका. पहिली पूजा पंचवटीत करा, गड पहिली सर्व्हिस झाल्यावर.

टप्पा २: पहिले शंभर किमी

हे शंभर किमी इंजिनपेक्षा टायर आणि ब्रेकसाठी जास्त नाजूक. नवीन टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो, नवीन ब्रेक पॅड डिस्कला पूर्ण टेकलेले नसतात, त्यामुळे गाडी अपेक्षेपेक्षा उशिरा थांबते. पहिल्या दिवशी कॉलेज रोडच्या गर्दीत शिरू नका. मोकळ्या रस्त्यावर ४० वरून १०-१५ पर्यंत हळूहळू ब्रेक लावत दहा-बारा वेळा स्पीड कमी करा, मधे पॅड थोडे गार होऊ द्या. करकचून ब्रेक मारून पॅड बसत नाहीत, जळतात.

इंजिनचं म्हणाल तर सकाळी स्टार्ट केल्यावर पाच-पाच मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवायची गरज नाही. अर्धा-एक मिनिट पुरे. बीएस-६ च्या बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन असतं, चोक ओढून गरम करायचा प्रकार नाही, आणि जागेवर चालू ठेवून इंजिनवर लोडच येत नाही, रिंगांना काही फायदा नाही. चालू करा, हेल्मेट घाला, निघा. पहिले दोन-तीन किमी अगदी हलक्या हाताने. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची मंडळी, तुमच्याकडे पारा खूप खाली जातो, तुम्ही हे अंतर चार-पाच किमी धरा.

तपासा: शंभर किमीनंतर घरी लावलेल्या गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी बघा. ऑइलचा एक थेंब जरी पडलेला असला तरी फोटो काढून शोरूमला दाखवा, पहिल्या सर्व्हिसची वाट बघू नका.

टप्पा ३: शंभर ते पाचशे किमी, खरं काम इथे

साधारण नियम असा की रेडलाइनच्या (मीटरवर लाल खुणेने दाखवलेल्या कमाल आरपीएमच्या) निम्म्याच्या आसपास राहायचं. रेडलाइन ९००० असेल तर साडेचार-पाच हजार. मीटरवर आरपीएम दिसत नसेल, जसं बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांत असतं, तर मॅन्युअलमधला गियर आणि स्पीडचा तक्ता वापरा, टॉप गियरला ४५-५० च्या आसपास बहुतेक गाड्या बसतात.

आता चालवायचं कसं. तिसऱ्या-चौथ्या गियरमध्ये हळूहळू रेस वाढवत ठरवलेल्या आरपीएमपर्यंत न्या, एक्सिलरेटर पूर्ण सोडा, गाडी इंजिन ब्रेकिंगवर खाली येऊ द्या, परत उचला. रेस वाढवताना रिंगा भिंतीवर दाबल्या जातात आणि सोडल्यावर सिलिंडरमध्ये जी ओढ तयार होते तिने भिंतीवर ऑइल वर खेचलं जाऊन घासलेला बारीक कण धुतला जातो. हे दोन्ही मिळून एक फेरी. मागे गाड्या असताना हे करू नका, त्यांना तुमचा ब्रेक लाइट दिसत नाही पण तुमचा स्पीड मात्र अचानक पडतो.

रस्ता कुठला? माझ्या मते नाशिककरांसाठी गंगापूर रोडने गिरणारेकडे जाणारा रस्ता किंवा दिंडोरी रोड, दोन्ही उत्तम. वळणं आहेत, गावं लागतात, थोडा चढ थोडा उतार, गियर आपोआप बदलत राहतात. त्र्यंबक रोडही चांगला, सातपूर ओलांडलं की महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकला पोचायचं, दर्शन-चहा होईपर्यंत इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मग परत. एकदा पूर्ण गरम, एकदा पूर्ण गार, हे चक्र नवीन इंजिनला चांगलं मानवतं, एका दमात दोनशे किमी तोडण्यापेक्षा असे पाच-सहा फेरे केलेले बरे. फक्त श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडला जाऊ नका, सगळा वेळ हाफ क्लचमध्ये जाईल.

काय टाळायचं:

- आग्रा हायवे किंवा पुणे रोडला एकाच स्पीडने तासभर. एकसारखा आरपीएम म्हणजे रिंगांना एकसारखा दाब, म्हणजे अर्धवट बसलेल्या रिंगा.
- मोठ्या गियरला कमी स्पीड. पाचव्याला ३० वर गाडी धकधक करते, तो आवाज म्हणजे इंजिन रगडलं जातंय, क्रँकच्या बेअरिंगवर आणि पिस्टनवर झटके बसतायत. गियर खाली टाका, आरपीएम थोडा वाढला तरी चालेल. "अॅव्हरेज चांगलं मिळतं" म्हणून हे करणारे खूप आहेत, आणि नवीन गाडीचं अॅव्हरेज मोजायची ही वेळच नाही, ते हजार-दीड हजारनंतर मोजा.
- डबलसीट घेऊन लांबचा घाट. कसारा, सापुतारा, नांदुरी, तिन्ही नंतर. घरच्यांना घेऊन शहरात फिरलात तर काही बिघडत नाही.
- मे महिन्यात दुपारी मुंबई नाका ते द्वारका. एअर कूल्ड इंजिनला चालती हवा लागते, सिग्नलला उभं राहून ते तापतच जातं. दोन मिनिटांच्या वर थांबायचं असेल तर बंद करा.

सावधान: "रेस देऊन मोकळी कर" म्हणून स्टँडवर लावून रिकामी रेस देणारे भेटतील. लोड नसताना आरपीएम वाढवणं नवीन इंजिनला सगळ्यात वाईट. गाडी कुणाच्या हातात देऊ नका.

टप्पा ४: पहिलं ऑइल कधी काढायचं

पहिल्या काही शे किमीत सगळ्यात जास्त धातू सुटतो. रिंगा आणि सिलिंडरचा तर असतोच, पण आपल्या बहुतेक गाड्यांत इंजिन, गियरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात, त्यामुळे गियरच्या नवीन दातांचा चुरा आणि क्लच प्लेटांची झीज त्याच ऑइलमध्ये येते. फिल्टर मोठा कण अडवतो, अगदी बारीक कण त्यातून फिरतच राहतो. तो बाहेर काढायचा एकच मार्ग, ऑइल काढणं.

बऱ्याच कंपन्यांची पहिली सर्व्हिस ५०० ते १००० किमीच्या मधे असते आणि सोबत दिवसांचीही मुदत असते, दोन्हीतलं जे आधी होईल ते. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. गाडी कमी चालते, मीटरवर ३५० किमी, म्हणून "पाचशे होऊ दे" करत मुदत निघून जाते, फ्री सर्व्हिसचं कूपन बाद होतं आणि पुढे वॉरंटीत काही निघालं की तेवढंच कारण पुढे केलं जातं. दिवस संपत आले असतील तर किमी न बघता जा. आणि ऑफिस घरापासून दोन किमीवर असणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं गरमच होत नाही, पावसाळ्यात आत दमट पाणी जमतं, ऑइल चहासारखं दुधट दिसायला लागतं.

काही जण ५० किमीलाच ऑइल काढायला सांगतात, मग तो सल्ला बरोबर आहे का? मला नाही पटत. तोपर्यंत रिंगा बसायला जेमतेम सुरुवात झालेली असते, सगळा चुरा अजून यायचाय, तुम्ही पैसे खर्च करून चांगलं ऑइल चुऱ्यासाठी घालताय. कंपनीची सर्व्हिस ५०० ला असेल तर तीच वेळ योग्य, जास्त काही करू नका. ती १००० ला असेल आणि मॅन्युअलमध्ये त्याआधी ऑइल बदलू नका असं लिहिलेलं नसेल, तर ४०० ते ५०० ला स्वतःच्या खर्चाने एक जादा बदल करणं मला योग्य वाटतं. त्याच ग्रेडचं (जाडी-पातळपणाचं) ऑइल, बिल जपून ठेवायचं, आणि १००० ची सर्व्हिस तरीही वेळेवरच करायची. जादा बदल हा सर्व्हिसच्या बदली नसतो.

टप्पा ५: ऑइल बदलण्याचा क्रम

सर्व्हिस सेंटरला करणार असाल तर जॉब कार्डवर (कामांची नोंद करायच्या कागदावर) ऑइल आणि फिल्टर या दोन्हीच्या वेगळ्या नोंदी करून घ्या. फ्री सर्व्हिसमध्ये साधारणपणे फक्त मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे लागतात, हे आधीच माहीत असलं की काउंटरवर वाद होत नाही. शक्य असेल तर समोर उभे राहा. टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हमधली फट), चेन, क्लच केबलची ढील पण याच वेळी बघून घेतात, तेही कार्डवर आहे का बघा.

घरी किंवा ओळखीच्या गॅरेजला जादा बदल करणार असाल तर क्रम हा:

१. सामान आधी जमवा. मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल, म्हणजे १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० जे काही लिहिलंय तेच. डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ (JASO MA/MA2, ऑइलमध्ये भिजलेल्या क्लचच्या बाईकसाठीचं मानांकन) लिहिलेलं पाहिजे. कारचं ऑइल स्वस्त मिळालं म्हणून घालू नका, त्यातल्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारे घटक असतात आणि ऑइलमध्ये भिजलेला क्लच घसरायला लागतो. ओरिजिनल फिल्टर, ड्रेन बोल्टचा नवीन वॉशर, बरोबर मापाचा रिंगपाना किंवा सॉकेट, रुंद टब, कोरडं फडकं.

२. गाडी आठ-दहा किमी फिरवून आणा. ऑइल गरम असलं की पातळ असतं आणि कण त्यात तरंगत असतात, सगळे सोबत बाहेर येतात. गार ऑइल काढलं तर गाळ तळाशीच राहतो. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, सायलेन्सरला हात लागू देऊ नका.

३. आधी वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा, मग खालचा ड्रेन बोल्ट. वरचं उघडलं नाही तर हवा मिळत नाही, ऑइल गुळगुळ करत हळू येतं.

४. दहा-पंधरा मिनिटं निथळू द्या, गाडी सरळ उभी ठेवून.

५. बाहेर आलेलं ऑइल उन्हात बघा. टब थोडा तिरका केला की पहिल्या ऑइलमध्ये चंदेरी चमक फिरताना दिसते, बोटांत चोळलं तर काही टोचत नाही, नुसती चमक बोटावर राहते. हे नॉर्मल आहे. ड्रेन बोल्टला मॅग्नेट असेल तर त्यावर काळसर मऊ लेप बसलेला असतो, तोही नॉर्मल. पण नखावर उचलता येईल असा तुकडा, पत्र्याची कपची, गियरच्या दाताचा कोपरा दिसला तर तिथेच थांबा, फोटो काढा, तुकडा पुडीत ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करा.

६. फिल्टर बदला. काढताना त्याची दिशा बघून ठेवा, उलटा बसवला तर ऑइलचा प्रवाह बिघडतो. ओ-रिंग (फिल्टरच्या झाकणाची रबरी रिंग) जुनी वापरू नका, नवीन ओ-रिंगला बोटाने ऑइल लावून बसवा. काही १०० सीसी गाड्यांत कागदी फिल्टर नसतोच, जाळी आणि फिरता सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो, त्याला या बदलात हात लावायची गरज नाही.

७. ड्रेन बोल्ट नवीन वॉशर घालून आधी हातानेच तीन-चार आटे फिरवा, मगच पाना. इंजिनचं केसिंग अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडी. जोर लावून आवळला की आटे केसिंगचे जातात, बोल्टचे नाही, आणि ते काम महागात पडतं. टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) असेल तर मॅन्युअलचा आकडा, नसेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून एवढी एक स्टेप करून घ्या. मला हीच स्टेप सगळ्यात जास्त महत्त्वाची वाटते, कारण बाकी सगळं सुधारता येतं.

८. मॅन्युअलमध्ये ऑइल बदलताना किती लागतं ते वेगळं दिलेलं असतं, इंजिन पूर्ण उघडल्यावर लागणारं प्रमाण जास्त असतं, ते बघून ओतू नका. छोट्या गाड्यांना साधारण ८०० मिली ते एक लिटर लागतं. आधी शंभर मिली कमी ओता, एक-दोन मिनिटं स्टार्ट करा, बंद करून थांबा, लेव्हल बघा, मग लागेल तेवढं.

तपासा: स्टार्ट केल्यावर ऑइलचा लाल दिवा असेल तर तो काही सेकंदांत विझला पाहिजे. बोल्टभोवती कोरडं फडकं फिरवा, दुसऱ्या दिवशी परत फिरवा.

जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, त्यांच्याकडून वापरलेलं ऑइल गोळा करणारे घेऊन जातात. गटारात किंवा नाल्यात ओतलं की ते शेवटी गोदावरीत जातं. कृपा करून हे करू नका.

सावधान: बदलताना फ्लशिंग ऑइल, डिझेल, रॉकेल आत फिरवून "साफ" करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. ते पूर्ण बाहेर येत नाही आणि नवीन ऑइल पातळ करतं. वरून घालायचे बाटलीतले अॅडिटिव्हही नकोत.

टप्पा ६: पाचशे ते दोन हजार

आता मर्यादा थोडी थोडी सैल करायची. १००० पर्यंत रेडलाइनच्या दोन-तृतीयांश, त्यानंतर मधूनमधून काही सेकंद जास्त. एकदम सर्व्हिस सेंटरच्या गेटबाहेर फुल थ्रॉटल नको, क्लच आणि गियर अजून बसतच असतात. लोड बदलता ठेवायची सवय मात्र सोडायची नाही. एकट्याने सापुतारा आता जायला हरकत नाही, घाटात एक गियर खाली ठेवून.

चेन या काळात सगळ्यात जास्त सैल होते, दर ५०० किमीला साफ करून ल्यूब मारा आणि ढील बघा. गियर अडकत असेल, न्यूट्रल लागत नसेल तर आधी क्लच केबल आणि चेन बघा, बहुतेक वेळा तिथेच असतं.

सिंथेटिक ऑइल (साध्या मिनरल ऑइलपेक्षा जास्त शुद्ध, कारखान्यात बनवलेलं) कधी? कंपनीनेच सिंथेटिक किंवा सेमी-सिंथेटिक भरून दिलेलं असेल तर तेच चालू ठेवा, मुद्दाम मिनरलवर जायचं कारण नाही. मिनरलवाली गाडी असेल तर तीन हजारच्या आसपास, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बदलाला वर जा, त्याआधी घाई करून काही मिळत नाही. ग्रेड मात्र तोच. मित्राच्या गाडीला २०डब्ल्यू-५० भारी चाललं म्हणून तुमच्या १०डब्ल्यू-३० वाल्या इंजिनला ते घालू नका, त्यातल्या ऑइलच्या वाटा पातळ ऑइलसाठीच बनवलेल्या असतात.

टप्पा ७: दुसरा बदल आणि शेवटची तपासणी

दुसरा बदल मॅन्युअलप्रमाणे. काही गाड्यांत तो दोन-तीन हजारांवर असतो, काही मोठ्या गाड्यांत पहिल्यानंतर थेट पाच किंवा दहा हजारांवर. मॅन्युअल दहा हजार सांगत असेल तर मधे लेव्हल बघणं तुमचं काम आहे, दर हजार किमीला, प्रत्येक वेळी त्याच सपाट जागेवर आणि त्याच पद्धतीने, नाहीतर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. टाकीच्या खाली किंवा सर्व्हिस बुकात तारीख, किमी आणि रेघ कुठे होती ते लिहून ठेवा.

पहिल्या हजारात लेव्हल किंचित उतरली तर घाबरू नका, रिंगा बसत असतात. दोन हजारनंतर ती जागेवर थांबली पाहिजे. तरीही दर हजाराला वरच्या खुणेवरून खालच्या खुणेपर्यंत येत असेल, किंवा सकाळी स्टार्ट करताना, उतारावर रेस सोडून परत देताना निळसर धूर दिसत असेल, तर वरून ऑइल टाकत बसू नका. सर्व्हिस सेंटरला लेखी तक्रार द्या, जॉब कार्डवर "ऑइल कमी होणे" असे शब्द लिहून घ्या, आणि त्यांच्यासमोर लेव्हल भरून, झाकणाला खूण करून पुढच्या ५०० किमीनंतर परत मोजायला सांगा. तुमच्याकडे आधीच्या नोंदी असतील तर वॉरंटीत सिलिंडर उघडायला लावणं सोपं जातं.